दात्याची नोंदणी आणि उपचाराची नोंद

(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



प्रत्येक शाळेच्या कार्यालयात एक जाडजूड वही असते. तिला कोणी जनरल रजिस्टर म्हणतात, कोणी दाखल-खारीज नोंदवही. मुलाचे नाव, जन्मतारीख, आईवडिलांचे नाव, शाळेत येण्याचा आणि शाळा सोडण्याचा दिवस, एवढाच तिचा मजकूर. एरवी ती कपाटात पडून असते. परंतु एखाद्या माजी विद्यार्थ्याला उतारवयात दाखल्याची गरज पडते आणि पिवळ्या पडलेल्या पानावर त्याचे नाव सापडते, तेव्हा त्या एका ओळीचे मोल कळते. ती ओळ त्या काळी कोणी लिहिली नसती, किंवा चुकीची लिहिली असती, तर आज कितीही धावपळ करून उपयोग झाला नसता.

आजच्या व्याख्यानाचा विषय मूलपेशी, म्हणजे ज्यांना सर्वत्र स्टेम सेल म्हटले जाते त्या पेशी, आणि त्यांच्या साहाय्याने शरीराची झीज भरून काढू पाहणारे पुनर्जनन वैद्यक हा आहे. विषय प्रयोगशाळेतला वाटतो. परंतु त्याचे यश प्रयोगशाळेबाहेरच्या दोन नोंदवह्यांवर अवलंबून आहे. पहिली वही दात्यांची. दुसरी वही उपचारांच्या परिणामांची. पहिली भरण्याचे काम समाजाचे आहे आणि दुसरी मागण्याचे कामही समाजाचेच आहे.

प्रथम मूलपेशी म्हणजे काय ते पाहू. शरीरातील बहुतेक पेशींना एकेक काम नेमून दिलेले असते. स्नायूची पेशी आकुंचन पावते, तांबडी रक्तपेशी प्राणवायू वाहते. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. जुन्या पेशी नष्ट होत राहतात आणि शरीर दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी घडवते. ही टांकसाळ हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत चालते. तेथील मूलपेशी स्वतःसारख्या पेशी निर्माण करून आपला साठा टिकवतात आणि त्याच वेळी तांबड्या, पांढऱ्या पेशी व बिंबिकाही घडवतात. स्वतःला टिकवणे आणि इतरांना घडवणे, हे मूलपेशीचे लक्षण. कॅनडातील टोरोंटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक या शास्त्रज्ञांनी १९६१ पासून उंदरांवरील प्रयोगांतून हे लक्षण प्रथम स्पष्टपणे दाखवले.

ही टांकसाळच बिघडली तर? रक्ताचा कर्करोग, ॲप्लास्टिक ॲनिमिया, थॅलेसेमिया, विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत ठाण मांडून बसलेला सिकलसेल, हे सारे या टांकसाळीशी निगडित विकार आहेत. त्यांतील अनेक रुग्णांसाठी निरोगी व्यक्तीच्या रक्तजनक मूलपेशी शरीरात सोडणे हा रोग मुळापासून दूर करू शकणारा उपाय असतो. अमेरिकेतील डॉ. ई. डोनॉल थॉमस यांनी या उपचाराचा पाया घातला आणि त्यासाठी त्यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात तो प्रथम झाला मुंबईत. मार्च १९८३ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण केले. दाता होता तिचा भाऊ. डॉ. अडवाणी बालपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीवरून वावरत. ज्याने स्वतःच्या शरीराची मर्यादा रोज अनुभवली, त्याने देशातील रुग्णांसाठी हे दार उघडले.

त्या मुलीला भाऊ होता आणि त्याच्या पेशी तिच्याशी जुळल्या. सर्वच रुग्णांच्या नशिबी हे नसते. मूलपेशी जुळणे हे रक्तगट जुळण्याहून पुष्कळ अवघड आहे. पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाच्या खुणा असतात. त्या खुणांवरून शरीर आपले कोण आणि परके कोण ते ओळखते. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून असतात. म्हणून आईकडून एक गठ्ठा आणि वडिलांकडून एक गठ्ठा असाच वारसा बहुधा येतो. त्यामुळे सख्ख्या भावंडाच्या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. कुटुंबे लहान झाली, एकच अपत्य असणारी घरे वाढली, तशी घरात दाता सापडण्याची आशाही आक्रसली. अलीकडे आईवडिलांच्या निम्म्या जुळणाऱ्या पेशी वापरण्याचे तंत्र प्रगत झाले आहे आणि त्याने अनेकांना आधार दिला आहे. तरीही पूर्ण जुळणारा परका दाता हा पर्याय अनेक रुग्णांसाठी मोलाचा ठरतो.

परका दाता शोधायचा कुठे? या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर लंडनमध्ये एका आईने दिले. शर्ली नोलन हिचा मुलगा अँथनी जन्मतःच प्रतिकारशक्तीच्या दुर्धर विकाराने आजारी होता. १९७४ मध्ये तिने जगातील पहिली परक्या दात्यांची नोंदवही सुरू केली. अँथनीसाठी दाता मिळाला नाही आणि १९७९ मध्ये तो गेला. नोंदवही मात्र राहिली, वाढली आणि आजही त्याच्या नावाने चालते. ज्या मुलासाठी ती उघडली त्याला तिचा उपयोग झाला नाही. तो झाला पुढच्या अनोळखी मुलांना. लोकजागृतीच्या कार्याची हीच रीत आहे. लावणारा एक असतो, सावलीत बसणारा दुसरा.

भारतात या कार्याचे एक प्रमुख केंद्र चेन्नई हे आहे. २००९ मध्ये तेथे दात्री ही ना-नफा तत्त्वावरील संस्था स्थापन झाली. महाविद्यालये, कार्यालये, कारखाने अशा ठिकाणी शिबिरे घेऊन तिने दात्यांची नोंदणी सुरू केली आणि आज तिच्या वहीत पाच लाखांहून अधिक नावे आहेत. नाव तिचे चेन्नईशी जोडलेले असले, तरी वही साऱ्या देशाची आहे. पुण्याच्या किंवा नागपूरच्या तरुणाच्या पेशी दिल्लीच्या रुग्णाला जाऊ शकतात; त्या परदेशातही जाऊ शकतात. शहराचे नाव येथे पत्त्यापुरते उरते.

चेन्नईच्या भूमीत असे कार्य रुजावे याला पार्श्वभूमी आहे. २००८ मध्ये तमिळनाडू शासनाने मेंदू मृत झालेल्या व्यक्तींच्या अवयवदानाची शिस्तबद्ध व्यवस्था उभारली. त्याच वर्षी चेन्नईनजीकच्या एका डॉक्टर दांपत्याने अपघातात मेंदू मृत झालेल्या आपल्या किशोरवयीन मुलाचे अवयव दान केले. त्याचे हृदय शहराच्या गर्दीतून पोलिसांनी वाट मोकळी करून देऊन एका लहान मुलीपर्यंत पोहोचवले गेले. त्या घटनेने सारे राज्य हेलावले आणि अवयवदानाला लोकमान्यता मिळाली. केवळ भावना उचंबळून हे घडले नसते. भावना जागी झाली तेव्हा तिला वाट करून देणारी व्यवस्था तयार होती, म्हणून ते टिकले.

मूलपेशींच्या दानात मृत्यूचा प्रश्नच नाही. दाता धडधाकट राहतो. नोंदणीच्या वेळी गालाच्या आतील बाजूने कापसाची काडी फिरवून नमुना घेतला जातो. साधारणपणे १८ ते ५० या वयोगटातील निरोगी व्यक्ती नोंदणी करू शकते. त्यानंतर कदाचित कधीच बोलावणे येत नाही. आले, तर पुन्हा तपासण्या होतात. मग सुमारे पाच दिवस रोज एक इंजेक्शन देतात. त्यामुळे अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्तप्रवाहात उतरतात. या काळात अंगदुखी, डोकेदुखी होऊ शकते. नंतर एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जाते, मूलपेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त परत शरीरात येते. बिंबिकादानासारखीच ही प्रक्रिया असून तिला काही तास लागतात. क्वचित प्रसंगी भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढावी लागते. दिलेल्या पेशींची भर शरीर काही आठवड्यांत घालते. दानाचा मोबदला मिळत नाही. दाता आणि रुग्ण यांची नावे एकमेकांना सुरुवातीला सांगितली जात नाहीत.

येथे एक कठोर सत्य सांगणे आवश्यक आहे. प्रत्यारोपणापूर्वी तीव्र औषधे देऊन रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा नष्ट केली जाते. या टप्प्यावर दात्याने माघार घेतली, तर रुग्णाजवळ ना जुनी टांकसाळ उरते, ना नवी येते. नोंदणीच्या वेळी उत्साहाने नमुना देणारे सर्वच जण बोलावण्याला होकार देत नाहीत. कधी घरचे वडीलधारे घाबरतात. कधी मुलीच्या लग्नाला अडचण येईल अशी निराधार शंका डोके वर काढते. कधी पाठीच्या कण्यातून काही काढतात असा गैरसमज आड येतो. म्हणून शिबिरात किती नमुने गोळा झाले, या आकड्याने लोकजागृतीचे यश मोजू नये. नोंदणीआधी घरात मोकळी चर्चा झाली का, आणि दहा वर्षांनी फोन वाजला तर ते घर पाठीशी उभे राहील का, यावरून ते मोजावे. अर्धवट मनाने केलेल्या नोंदणीपेक्षा विचारपूर्वक दिलेला नकार अधिक प्रामाणिक आहे.

संख्येचा प्रश्नही मोठाच आहे. जगभरच्या नोंदवह्यांत ४ कोटींहून अधिक दाते आहेत. आपल्याहून कितीतरी लहान असलेल्या जर्मनीत सुमारे १ कोटी दाते आहेत, तर १४० कोटींच्या भारतात काही लाख. परदेशांतील वह्यांवर विसंबूनही भागत नाही, कारण एचएलएच्या खुणा वंशपरंपरेने येतात. भारतात शतकानुशतके विवाह आपापल्या समाजगटांतच होत आले. त्यामुळे खुणांचे काही गठ्ठे ठरावीक गटांत अधिक आढळतात. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या रुग्णाला जुळणारा दाता त्याच्याच परिसरातून किंवा समाजातून निघण्याची शक्यता अधिक. जो समाज वहीत दिसत नाही, त्याच्या रुग्णासाठी वहीचे पान कोरेच राहते. मराठी शाळांचे माजी विद्यार्थी गावोगावी आणि देशोदेशी विखुरलेले आहेत. या शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे संघटन हे स्नेहसंमेलनापुरते मर्यादित नाही.

पालकांसाठी याच विषयाची आणखी एक बाजू महत्त्वाची आहे. बाळंतपणानंतर नाळेत उरणाऱ्या रक्तातही मूलपेशी असतात. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या मुलावर त्याच्या नवजात बहिणीच्या नाळरक्ताने जगातील पहिले असे प्रत्यारोपण केले. तेव्हापासून नाळरक्ताच्या पेढ्या निघाल्या. सार्वजनिक पेढीत दिलेले रक्त कोणत्याही जुळणाऱ्या रुग्णाला मिळू शकते. चेन्नईतील जीवन या संस्थेने अशी पेढी उभारण्यासाठी परिश्रम घेतले. खासगी पेढीत मात्र पैसे भरून आपल्याच बाळासाठी रक्त साठवले जाते आणि पुष्कळदा ते भविष्याचा विमा म्हणून विकले जाते. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक विकार बाळाला असेल, तर तोच दोष त्याच्या नाळेच्या पेशींतही असतो. म्हणून त्या विकारावर स्वतःचेच नाळरक्त निरुपयोगी. केवळ भविष्यातील स्वतःच्या वापरासाठी नाळरक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही, अशी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची भूमिका आहे. घरात आधीच अशा विकाराने आजारी भावंड असेल तर गोष्ट वेगळी. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने नाळरक्त जपणे योग्य ठरते. हा भेद जाहिरातीत सहसा सांगितला जात नाही.

येथून दुसऱ्या नोंदवहीकडे वळावे लागते. तिचे एक जुने आणि अभिमानास्पद उदाहरण मराठी माणसाच्याच इतिहासात, तेही चेन्नईच्या दक्षिणेस तंजावर येथे आहे. भोसले घराण्यातील सरफोजीराजे दुसरे, कार्यकाळ १७९८ ते १८३२, यांना वैद्यकाची गोडी होती. धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य उपचारपद्धतींचा अभ्यास चालत असे. नेत्ररोग्यांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, त्यांनी जपून ठेवविल्या. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात टिकून राहिल्या आणि पुढे चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास करून त्या जगापुढे मांडल्या. रुग्ण आला तेव्हा डोळ्याची स्थिती काय होती, काय केले आणि पुढे काय झाले, हे राजाच्या वैद्यकातही लिहिले जात होते.

उपचार झाला की नाही, हे सांगायला जाहिरात पुरते. उपचार लागू पडला की नाही, हे सांगायला नोंद लागते. आज अनेक ठिकाणी स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मणक्याची इजा, गुडघेदुखी अशा नाना व्याधींवर स्टेम सेलची इंजेक्शने भरमसाट पैसे घेऊन देऊ केली जातात. आपल्या लेकराने एकदा हाक मारावी म्हणून आई दागिने मोडते, बाप जमीन विकतो. त्यांच्या आशेला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र त्या आशेचा व्यापार करणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचे रक्तजनक मूलपेशी प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. इतर बहुतेक वापर संशोधनाच्या कक्षेत मोडतात. ते मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावेत आणि चाचणीत सहभागी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेऊ नयेत, असा दंडक आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळानेही स्वमग्नतेवर मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले.

याचा अर्थ पुनर्जनन वैद्यक पोकळ आहे असा मुळीच नाही. डोळ्याच्या काळ्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर मूलपेशींचे एक कडे असते. ते जळाले तर पारदर्शक पटलावर पडदा चढतो आणि दृष्टी जाते. पानाच्या चुन्याची पुडी हाताळताना मुलांच्या डोळ्यांत चुना उडून अशी इजा आपल्याकडे होते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी डोळ्याच्या कडेचा चिमुकला तुकडा घेऊन त्याचे बारीक कण इजा झालेल्या डोळ्यावर रोवण्याची सोपी पद्धत विकसित केली आणि २०१२ मध्ये तिचे परिणाम प्रसिद्ध केले. चेन्नईपासून सुमारे १४० किलोमीटरवरील वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९८६ पासून मूलपेशी प्रत्यारोपणे होत आहेत. तेथील मूलपेशी संशोधन केंद्राने हिमोफिलियाच्या पाच रुग्णांच्या स्वतःच्याच मूलपेशींत रक्त गोठवणाऱ्या घटकाचे जनुक घालून त्या परत दिल्या. उपचारानंतरच्या निरीक्षणकाळात त्यांचे रक्तस्राव थांबलेले आढळले आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले. पाचच रुग्ण, असे त्या संशोधकांनी स्वतःच सांगितले. खऱ्या शास्त्राची हीच ओळख.

जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या प्रौढ पेशींना पुन्हा मूलपेशींसारख्या अवस्थेत नेऊन दाखवले. २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०१४ मध्ये डॉ. मासायो ताकाहाशी यांच्या चमूने अशा पेशींपासून बनवलेला दृष्टिपटलाचा थर एका वृद्धेच्या डोळ्यात बसवला. साऱ्या जगाचे लक्ष लागलेले असताना दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळले. चमूने काम थांबवले आणि थांबवल्याचे जाहीरही केले. प्रसिद्धीच्या शिखरावर असे थांबता येणे, यातच त्या शास्त्रावर विश्वास ठेवण्याचे कारण आहे.

तेव्हा मूलपेशी संशोधनाचा पुरस्कार करणे म्हणजे प्रत्येक चमत्काराच्या बातमीला टाळ्या वाजवणे असे समजू नये. अशा संशोधनाला सार्वजनिक निधी मिळावा, गरीब रुग्णाला प्रत्यारोपणाचा खर्च पेलावा, यासाठी आवाज उठवणे हा पुरस्कारच आहे. निराधार उपचारांची दुकाने बंद व्हावीत असा आग्रह धरणे हाही पुरस्कारच आहे, कारण फसलेला प्रत्येक रुग्ण खऱ्या संशोधनावरचाही विश्वास गमावून बसतो. एखाद्या घरापुढे अशा उपचाराचा प्रस्ताव आला, तर तीन प्रश्न पुरेसे आहेत. ही मान्य उपचारपद्धती आहे की चाचणी? चाचणी असेल, तर देशाच्या चाचणी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, तिचा क्रमांक कोणता? आणि चाचणी असूनही पैसे का मागितले जात आहेत? या तीन प्रश्नांनी अनेक घरांचे दागिने आणि जमिनी वाचू शकतील.

हीरक महोत्सवाच्या वर्षात शाळा अनेक उपक्रम हाती घेते. त्यांत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात या विषयासाठी एक तास राखून ठेवता येईल. त्या तासात नोंदणीची घाई नसावी. रक्तविकारतज्ज्ञाने सोप्या मराठीत माहिती द्यावी, शंका विचारल्या जाव्यात आणि तरुणांनी घरी जाऊन आईवडिलांशी बोलावे. पुढच्या मेळाव्यात, ज्यांचे मन ठाम झाले त्यांनी नमुना द्यावा. दहावीच्या विज्ञानाच्या वर्गात पेशी शिकवताना दोन्ही नोंदवह्यांची ही कथा सांगता येईल; कारण आजचा दहावीचा विद्यार्थी तीन वर्षांनी दाता होण्याच्या वयात येतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव लिहिले गेले तेव्हा कोणत्याही मुलाला ते कळले नव्हते. त्याच्या वतीने आईवडिलांनी आणि गुरुजींनी ते लिहिले. दात्यांच्या वहीत मात्र नाव स्वतःच, समजून उमजून लिहावे लागते. ते ज्याच्या उपयोगी पडेल तो रुग्ण कदाचित अजून आजारी पडलेला नसेल, कदाचित जन्मलाही नसेल. त्याचे घर नाव शोधायला येईल, तेव्हा पानावर ती ओळ असावी.